रविवार कोणाच्या मालकीचा?

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे कर्मचाऱ्यांपुढील एक निवेदन उघड झाले. आठवड्याला नव्वद तास काम व्हावे, आणि रविवारी आपण कर्मचाऱ्यांकडून काम करून घेऊ शकत नाही याचा आपल्याला खेद वाटतो, असा त्याचा आशय होता. घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी देशाच्या उभारणीसाठी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे, असे आवाहन केले होते. दोन्ही वेळा टीका झाली, विनोद झाले, थोडा संतापही व्यक्त झाला. परंतु लवकरच चर्चेला एक वेगळे वळण लागले. नोकरीतील महत्त्वाकांक्षा आणि मोकळा वेळ यांचा तोल प्रत्येकाने कसा साधावा, यासंबंधीच्या सल्ल्यांनी वृत्तपत्रांच्या पुरवण्या भरून गेल्या. पहाटे उठावे, कामांची यादी करावी, रात्री भ्रमणध्वनी दूर ठेवावा, ‘नाही’ म्हणायला शिकावे, असा तो उपदेश होता.

हा उपदेश खोटा आहे असे नाही. परंतु तो चुकीच्या पत्त्यावर पाठविलेला आहे. श्रमिकाचा दिवस कोठे संपतो, हा प्रश्न त्याच्या शिस्तीवर किंवा मनोनिग्रहावर आजवर कधीही सुटलेला नाही. तो सुटला तेव्हा संघटनेच्या बळावर आणि कायद्याच्या आधारे सुटला. ज्या पगारदार वर्गाला आज हा प्रश्न सर्वाधिक छळतो, तो वर्ग स्वतःला कामगार मानीत नाही आणि चळवळही त्याला पुरेशी आपला मानीत नाही. त्यामुळे हा प्रश्न बेवारस राहिला आहे, आणि तो वेळ-व्यवस्थापनाच्या प्रवचनकारांच्या हाती गेला आहे.

भोंग्याची मर्यादा

सुब्रह्मण्यन यांना ज्या रविवारचा खेद वाटतो, तो रविवार या देशातील गिरणी कामगारांना कोणी दान केलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालत, आणि आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या वेळेला मर्यादा या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली व त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

त्यानंतरचा इतिहास कार्यकर्त्यांनी विशेष बारकाईने पाहावा असा आहे. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या आणि मुलांच्या तासांना मर्यादा घातली, परंतु प्रौढ पुरुषांच्या तासांना घातली नाही. तोवर सूर्यास्त हीच एक नैसर्गिक मर्यादा होती. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तीही मर्यादा नाहीशी झाली. दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगारांनी काम बंद पाडून विरोध केला, सरकारला चौकशी समिती आणि त्यामागून आयोग नेमावा लागला. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. पुढे १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न तास, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळीत असता तयार झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस तास झाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हीच मर्यादा स्वतंत्र भारतात कायम केली. पंचावन्न वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या लढ्यात दिवसाचा एकेक तास परत मिळवावा लागला.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नवे तंत्र आपोआप वेळ वाचवीत नाही. विजेचा दिवा कामगाराच्या घरात पोहोचण्याआधी मालकाच्या गिरणीत पोहोचला, आणि त्याने दिलेला उजेड मालकाच्या खाती जमा झाला. दुसरी, एकट्या कामगाराने हा तोल साधणे अशक्यच होते. शेजारच्या मागावरचा माणूस उभा असताना एकाने सहा वाजता घरी जायचे ठरविले, तर त्याचा खाडा पडे आणि दुसऱ्या दिवशी त्या मागावर बदली कामगार दिसे. सर्वांसाठी भोंगा एकाच वेळी वाजला, तरच प्रत्येकाला घरी जाता येई.

त्या मिळविलेल्या तासांचे कामगारांनी काय केले, हेही विसरता कामा नये. गिरणगावात भजनी मंडळे, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, वाचनालये आणि रात्रशाळा उभ्या राहिल्या त्या पाळी सुटल्यानंतरच्या वेळात. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये निघाले, त्याचे श्रोते पाळीवरून आलेले कामगार होते. एका गिरणी कामगाराने सांभाळून वाढविलेले नारायण सुर्वे पुढे मराठीचे एक मोठे कवी झाले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा गिरणगावाने लढविला, तोही याच वेळाच्या भांडवलावर. सभेला जायला, वाचायला, वाद घालायला, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावून जायला ज्याच्यापाशी वेळ नाही, तो नागरिक म्हणून अर्धाच उरतो. मोकळा वेळ हा श्रमिकांच्या राजकारणाचा कच्चा माल आहे, आणि म्हणून तो कोणाच्या ताब्यात आहे हा राजकीय प्रश्न आहे.

उद्याच्या आशेचा मुकादम

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्या संपानंतरच्या काळात गिरण्या बंद पडत गेल्या, चिमण्या पडल्या आणि त्या जागी काचेच्या इमारती आल्या. पुण्याजवळच्या हिंजवडीत भाताची खाचरे जाऊन माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभी राहिली. तेथे भोंगा नाही. कामावर येण्याची वेळ ढोबळमानाने ठरलेली असते. जाण्याची मात्र ठरलेली नसते. गिऱ्हाईक अमेरिकेत असेल तर त्याची सकाळ म्हणजे येथील संध्याकाळ, आणि म्हणून दिवसभराचे काम आटोपल्यावर बैठका सुरू होतात. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे हिंजवडीच्या रस्त्यावर वाहनांच्या रांगेत जाणारे तास आहेत. हे तास कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत.

१९०५ चा विजेचा दिवा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. त्या दिव्याने गिरणीतला दिवस लांबविला. भ्रमणध्वनीने आणि घरी नेलेल्या संगणकाने कचेरीच घरात आणली. करोनाच्या साथीत २०२० पासून लक्षावधी लोक घरून काम करू लागले, तेव्हा प्रवासाचा वाचलेला वेळ स्वतःला मिळेल अशी अनेकांची अपेक्षा होती. पुष्कळांच्या बाबतीत तो वेळही कामातच विरघळला.

येथे मुकादम दिसत नाही, कोणी आरडाओरडा करीत नाही. कर्मचारी स्वतःहून थांबतो. मालकपक्षाचा सर्वांत मोठा युक्तिवाद हाच आहे, की येथे सक्ती नाही. तरुणांना पुढे जायचे आहे म्हणून ते अधिक काम करतात. म्हणून या ‘स्वतःहून’ शब्दाची तपासणी केली पाहिजे.

दहा जणांचा एक गट घ्यावा. वर्षाच्या शेवटी त्यांचे मूल्यमापन एकमेकांशी तुलना करून होते. उत्तम शेरा दोघांना मिळणार, मध्यम शेरा बहुतेकांना, आणि एकाला कनिष्ठ शेरा मिळणारच, असे प्रमाण पुष्कळ ठिकाणी आधीच ठरलेले असते. अशा स्थितीत दोघांनी रात्री नऊपर्यंत थांबायला सुरुवात केली, की उरलेल्या आठांना आपला शेरा घसरण्याची भीती वाटते आणि तेही थांबू लागतात. दहाही जण नऊपर्यंत थांबू लागले, की उत्तम शेरे दोनच राहतात आणि कनिष्ठ शेराही एकच राहतो. कर्मचाऱ्यांपैकी कोणाचे पाऊल पुढे पडत नाही. दहा माणसांची संध्याकाळ मात्र कंपनीच्या खाती जमा होते. दिवसाला केवळ दोन तास जादा धरले, तरी पाच दिवसांच्या आठवड्यात दहा तास होतात. वर्षातील अठ्ठेचाळीस आठवड्यांत त्यांचे चारशे ऐंशी तास, म्हणजे आठ तासांचे साठ दिवस होतात. वर्षाला साठ दिवसांचे काम माणसे फुकट देतात आणि त्याला स्वतःची महत्त्वाकांक्षा समजतात.

कारखान्यातील कामगाराला जादा तासांबद्दल दुप्पट दराने वेतन मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. तो पुष्कळदा डावलला जातो, परंतु कागदावर तरी आहे. दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राने केलेल्या २०१७ च्या कायद्यातही जादा कामाला दुप्पट दर आहे. मात्र त्यातून गोपनीय, व्यवस्थापकीय व पर्यवेक्षकीय जागांवरील माणसे वगळलेली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या केंद्राच्या श्रम संहितांत व्यवस्थापकीय व प्रशासकीय कामावरील माणसे, तसेच महिना अठरा हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येबाहेर आहेत. ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही अशालाही ‘मॅनेजर’ म्हणण्याची पद्धत का पडली, याचे एक कारण येथे सापडते. बढतीच्या पत्राबरोबर मान मिळतो, आणि तासांचा हिशेब मागण्याचा हक्क निसटू लागतो.

महत्त्वाकांक्षा हा गुन्हा नव्हे

एवढ्यावरून काही कार्यकर्ते असा निष्कर्ष काढतात, की हा सारा मध्यमवर्गीय हव्यासाचा परिणाम आहे. मोठे घर, मोटार आणि परदेशवारी यांच्या मागे लागलेल्यांनी आपली संध्याकाळ गमावली तर त्याचे दुःख चळवळीने का करावे? हा निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही.

हिंजवडीतील किंवा खराडीतील तरुण नोकरदारांमध्ये शहरी सुखवस्तू घरांतील मुले आहेत. त्याचप्रमाणे मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांची, ऊसतोडणी मजुरांची, मागावरील विणकरांची आणि दलित वस्त्यांतील पहिल्यांदाच पदवी घेतलेली मुले-मुलीही आहेत. त्यांच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले आहे, कोठे तुकडाभर जमीन गहाण पडलेली आहे. धाकट्या भावंडांची फी त्यांच्या पगारातून जाते. सरकारी भरती आटत गेल्यामुळे आणि खाजगी क्षेत्रात आरक्षण नसल्यामुळे त्यांच्यापुढे दुसरी वाट फारशी उरलेली नाही. या क्षेत्रात नव्याने लागणाऱ्या पदवीधराचा पगार मोठ्या कंपन्यांतून वर्षानुवर्षे जेमतेम हलला आहे, आणि महागाई मात्र थांबलेली नाही. अशा मुलीने बढतीची आस धरली तर तो हव्यास म्हणता येणार नाही. पिढ्यानपिढ्या ज्यांना ठरलेल्या कामापलीकडे काही मागण्याचा अधिकारच नव्हता, त्यांच्या घरातून आलेली ती आकांक्षा आहे. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांच्या परंपरेने ती जागविली. समाजवाद्यांनी तिच्याकडे नाक मुरडून पाहणे म्हणजे आपल्याच परंपरेचे विस्मरण होय.

मुद्दा महत्त्वाकांक्षा मारण्याचा नाही. चांगले काम करण्याची, शिकण्याची, जबाबदारी पेलण्याची इच्छा आणि तासांची उधळण या दोन गोष्टी आजच्या व्यवस्थेने एकत्र बांधल्या आहेत. त्यांची गाठ सोडविण्याचा आहे. उत्तम सुतार रात्री अकरापर्यंत रंधा मारतो म्हणून उत्तम ठरत नाही. बढती गुणावर मिळावी, खुर्चीत बसलेल्या तासांवर मिळू नये, ही मागणी महत्त्वाकांक्षेच्या बाजूचीच आहे. ज्यांच्यावर घरची जबाबदारी आहे, जे दुरून येतात, ज्यांची प्रकृती नाजूक आहे, त्यांच्यातील गुणी माणसे या तासांच्या शर्यतीत आज मागे पडतात.

घरातील तास

तासांच्या शर्यतीत सर्वप्रथम बाद होते ती स्त्री. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, आणि अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. शिवाय सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.५ टक्के स्त्रिया ही कामे करतात. पुरुषांत हे प्रमाण २७.१ टक्के आहे. नव्वद तासांचा आठवडा ज्याला शक्य वाटतो, त्याचे जेवण, धुणे, मुलांचा अभ्यास, आईवडिलांचे औषधपाणी दुसरे कोणीतरी करीत असते. त्या दुसऱ्या माणसाच्या तासांची नोंद कंपनीच्या कोणत्याही वहीत नसते. बायकोकडे किती वेळ पाहणार, या विनोदामागे हेच गृहीत आहे, की घरात पुरुषाला करण्यासारखे काही नसतेच.

सुस्थितीतील नोकरदार स्त्री-पुरुष यावर एक उपाय करतात. ते वेळ विकत घेतात. धुण्याभांड्याला आणि पोळ्यांना बाई येते, जेवण दुचाकीवरचा मुलगा आणून देतो. यातून त्यांचा तोल काही अंशी सावरतो. पण त्यांचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. चार घरची कामे करणाऱ्या बाईला रविवार नाही, उलट रविवारी पाहुणे असल्याने भांडी अधिक पडतात. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. तो नोंदणीचा आणि साहाय्याचा कायदा आहे, तास ठरविणारा नव्हे. लोखंड्यांनी मागितलेली साप्ताहिक सुट्टी या बाईपर्यंत १३५ वर्षांनंतरही हक्क म्हणून पोहोचलेली नाही. म्हणून मोकळ्या वेळाची मागणी केवळ संगणकापुढे बसणाऱ्यांची करून ठेवली, तर ती एका थराची सोय होऊन बसेल. ती सर्व श्रमिकांची मागणी म्हणून मांडली पाहिजे.

राष्ट्राच्या नावाने

देश गरीब आहे, त्यामुळे आणखी दोन पिढ्यांनी राबल्याशिवाय गत्यंतर नाही, असा आक्षेप घेतला जाईल. हा आक्षेप नवा नाही. १८८१ आणि १८९१ च्या कारखाने कायद्यांच्या वेळी मुंबईचे मालक हेच म्हणत होते, की हे कायदे म्हणजे लँकेशायरचा कावा आहे आणि तास कमी झाले तर देशी उद्योग बुडेल. लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ त्यात होता, हे खरेच. राष्ट्रीय वृत्तीच्या अनेक वृत्तपत्रांनी या कायद्यांना विरोध केला, तो त्याच कारणास्तव. परंतु राष्ट्राच्या नावाने ज्याला राबविले जात होते, तो परळचा कामगार राष्ट्राचाच भाग होता, ही गोष्ट लोखंड्यांनी ओळखली. पुढे तास कमी झाले आणि गिरण्या त्यानंतरही अनेक दशके चालल्या.

भारतातील श्रमिक कमी वेळ काम करतो, हे गृहीतच निराधार आहे. बांधकामावरील मजूर, सुरक्षारक्षक, हॉटेलातील पोरे, मालमोटारींचे चालक यांना आठ तासांचा दिवस ठाऊकच नाही. एकीकडे कामावर असलेला माणूस बारा तास राबतो आणि दुसरीकडे पदवी घेतलेला तरुण सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत पाच-पाच वर्षे परीक्षांच्या जाहिरातींची वाट पाहतो. अशा देशाला कमी पडते आहे ते काम, कष्टाळूपणा नव्हे. दोघांचे काम एकावर लादल्याने बेकारी हटत नाही. पश्चिम जर्मनीतील धातुकामगारांच्या ‘आयजी मेटल’ या संघटनेने १९८४ मध्ये सुमारे सात आठवडे संप केला, तो याच भूमिकेवरून, की तास कमी झाले तर काम अधिक हातांना मिळेल. त्या संपानंतरच्या कराराने आठवडा साडेअडतीस तासांवर आला आणि १९९५ मध्ये पस्तीस तासांवर. त्याच संघटनेने २०१८ मध्ये असा करार मिळविला, की कामगाराला दोन वर्षांपर्यंत आठवड्याला अठ्ठावीस तास काम करून पुन्हा पूर्णवेळ कामावर येता येईल. या काळात जर्मनीचा यंत्रोद्योग बुडाला नाही.

शरीराचाही एक हिशेब असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पंचावन्न तास व त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. दीर्घ तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. सत्तर आणि नव्वद तासांचे आवाहन करणाऱ्यांनी हा हिशेब आपल्या ताळेबंदात कोठे मांडला आहे, हे विचारले गेले पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढील काम

प्रश्न आता केवळ भाषणांचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत, आणि दुकाने व आस्थापनांतील नऊवरून दहा तासांपर्यंत वाढविण्यास मंजुरी दिली. जादा कामाची तिमाही मर्यादाही १४४ तासांवर नेण्यात आली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले गेले. परंतु ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे, त्याच्या लेखी संमतीची किंमत काय, हे कोणत्याही कामगाराला विचारावे. जेथे हजेरीची नोंदच धड नाही, तेथे आठवड्याची मर्यादा मोजणार कोण, हाही प्रश्न आहे.

प्रतिकार व्यर्थ जात नाही, याचे उदाहरण शेजारीच आहे. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रासाठी दिवसाला चौदा तासांपर्यंत काम घेऊ देणारा प्रस्ताव पुढे आला. तेथील कर्मचाऱ्यांच्या ‘किटू’ या संघटनेने त्याविरुद्ध रान उठविले आणि सरकारला तो प्रस्ताव बाजूला ठेवावा लागला. संगणकापुढे बसणारे संघटित होत नाहीत, हा समज त्यामुळे खोटा ठरला आहे. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये अशासकीय विधेयक मांडले. तथापि १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक संसदेत संमत झालेले नाही. रस्त्यावरच्या आणि कचेऱ्यांतल्या संघटित रेट्याविना असे विधेयक कागदावरच राहते.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक आस्थापनेत, घरून केलेल्या कामासह, तासांची खरी नोंद ठेवली जावी आणि ती कर्मचाऱ्याला पाहता यावी. पदाला कोणतेही नाव दिले असले तरी ज्याच्या हाती नेमणुकीचा व बडतर्फीचा अधिकार नाही, त्याला जादा कामाचे वेतन मिळावे. वेळेनंतर संपर्क नाकारल्याबद्दल मूल्यमापनात शिक्षा होऊ नये. आधीच ठरविलेल्या प्रमाणात कनिष्ठ शेरे वाटण्याची पद्धत बंद व्हावी. घरेलू कामगारांना आठवड्याची पगारी सुट्टी कायद्याने मिळावी. यांपैकी एकही मागणी कोणा एकाच्या दिनचर्येतील सुधारणेने साध्य होणारी नाही.

शेवटी, हा प्रश्न पुरोगामी चळवळीच्या स्वतःच्या घरातही आहे. जो कार्यकर्ता आठवडेच्या आठवडे घराकडे फिरकत नाही, त्याच्या त्यागाची स्तुती करण्याची जुनी सवय चळवळीत आहे. त्याच्या घरची चूल कोण चालविते, मुलांची आजारपणे कोण काढते, याचा उल्लेख त्याच्या सत्काराच्या सभेत एखाद्या वाक्यात येतो, किंवा येतही नाही. बैठका रात्री नऊला बोलाविल्या जातात, साडेनऊला सुरू होतात आणि मध्यरात्रीपर्यंत चालतात. मग स्त्रिया येत नाहीत, अशी तक्रार त्याच बैठकीत होते. मालकाने कामगाराचा वेळ गृहीत धरणे आणि संघटनेने कार्यकर्त्याच्या घरचा वेळ गृहीत धरणे, यांत हेतूचा फरक आहे. ज्यांचा वेळ जातो त्यांच्या दृष्टीने मात्र तो फरक फार थोडा आहे.

१८९० च्या सभेत दोन कामगार स्त्रिया व्यासपीठावरून बोलल्या, त्या काळी ती साधी गोष्ट नव्हती. आज हिंजवडीतील मुलगी, तिच्या घरी भांडी घासणारी बाई आणि चाकणच्या कारखान्यातील कंत्राटी कामगार एका सभेत यावेत असे वाटत असेल, तर सभेची वेळ त्या तिघांना विचारून ठरविली पाहिजे, आणि ती संपण्याची वेळही आधी जाहीर करून पाळली पाहिजे. शाखांनी येत्या महिन्याच्या कार्यक्रमात एवढी सुधारणा केली, तरी या मागण्या मांडण्याचा नैतिक अधिकार चळवळीला अधिक बळकटपणे मिळेल.